बगळ्याच्या चित्राची बाटली तातडीने मिळवण्याबाबत

जबाब दि. १३/११/२०२५, वेळ दुपारी १२.४०

मी इंद्रभान तुळशीराम खिल्लारे, वय ७४ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण सातवी नापास, व्यवसाय काही नाही, टपाल खात्यातून पॅकर म्हणून निवृत्त, रा. केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम. मोबाईल स्वतःचा नाही, सुनेचा नंबर लिहून दिला आहे.

समक्ष पोलीस स्टेशनला येऊन सांगतो की, सर्वात आधी मी उशिरा आल्याबद्दल माफी मागतो. घटना दि. ३ नोव्हेंबरची आहे. आज दहा दिवस झाले. मी त्याच दिवशी यायला पाहिजे होते. का आलो नाही ते खाली सांगतो, पण आधी बाटलीचे वर्णन लिहून घ्यावे, कारण रविवारला तीनच दिवस राहिले आहेत.

बाटली काचेची, जाड बुडाची, पाऊण लिटरची. वर विलायती कागद, त्यावर एका पायावर उभ्या बगळ्याचे चित्र. अक्षरे इंग्रजी आहेत, मला वाचता येत नाहीत. बाटलीसोबत गोल पत्र्याचा हिरवा डबा आहे. बुचावर आणि मानेवर लाल लाख आहे. लाखेवर चार भोकांच्या बटणाचा ठसा आहे. तो ठसा कंपनीचा नाही. लाख मी लावली आहे.

आत दारू नाही. आत फवारणीचे औषध आहे, कपाशीवरचे, जुने. तसे आता दुकानात मिळत नाही. रंग कोऱ्या चहासारखा आहे.

मी माझ्या घरी पत्नी वारल्यापासून मुलगा धम्मरत्न, सून बेबीताई आणि नात पिंकी यांच्यासह राहतो. धम्मरत्न संभाजीनगरला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येतो. मी आयुष्यात दारू घेतली नाही. विहारात दर पौर्णिमेला पंचशील मीच म्हणून घेतो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीसाठी लागते म्हणून सांगतो.

बाटली माझ्याकडे कशी आली असे विचारल्यावरून सांगतो की, सन १९९६ मध्ये मी रिसोडला नोकरीवर असताना त्या वेळचे पोस्टमास्तर साहेब निवृत्त झाले. त्यांच्या भाच्याने ती आखाती देशातून आणली होती. ती त्यांनी मित्रांसोबत संपवली. रिकामी बाटली डब्यासकट मी घरी आणली, काच चांगली होती म्हणून. माझी पत्नी भागिरथा हिने बरीच वर्षे तिच्यात जवसाचे तेल ठेवले.

सन २०१० मध्ये मी इंझोरीला बदलीवर होतो. तिथे दोन एकर शेत बटईने केले होते. त्यासाठी औषधाचे दोन डबे आणले होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी मुलगी पौर्णिमा, वय १७, बारावीत शिकणारी, ही मयत झाली. एक डबा तेव्हाच्या पोलिसांनी जप्त केला. दुसरा राहिला. मृत्यूचे कारण त्या वेळच्या जबाबात लिहिलेले आहे. त्यावर माझी सही आहे. ते मी पुन्हा सांगत नाही.

दुसरा डबा गळका निघाला. राहिलेले औषध फवारायला हात धजला नाही. फेकायचे तर कुठे फेकायचे हे ठरेना. नाल्यावर शेळ्या पाणी पितात. पुरले तर विहिरीला उतरते. दुकानदार परत घेईना. म्हणून ते मी या बाटलीत ओतले. मानेपर्यंत आले. कोणी चुकून उघडू नये म्हणून बूच दाबून वर लाख लावली. पिशवीच्या तोंडाला लाख लागली की ती पोहोचेपर्यंत कोणी हात लावत नाही, हे मी नोकरीत सगळी वर्षे पाहिले होते. खात्याची पितळी मोहोर वापरली नाही, ती सरकारी असते. घरात बटण होते ते दाबले. लाखेची अर्धी कांडी मात्र ऑफिसची होती, ती मी न विचारता आणली. ही माझी चूक आहे.

चिठ्ठी का लावली नाही असे विचारल्यावरून सांगतो की, लिहायला बसलो होतो. काय लिहावे ते सुचले नाही. बाटली मुलीच्या पेटीत तिच्या वह्यांखाली ठेवली आणि पेटीला कुलूप लावले. पुढे बदली मागून केनवडला आलो. मुलगी काविळीने गेली असे गावात सांगितले. सून बेबीताई त्यानंतर घरात आली. तिलाही तेच माहीत आहे.

दि. ३ नोव्हेंबर रोजी सोमवारी मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सकाळी काळी-पिवळी जीपने वाशिमला गेलो. त्या दिवशी रिसोड येथील मुबश्शिर, जुन्या घड्याळांचा आणि भांड्यांचा व्यापारी, हा पुण्याकडच्या एका साहेबाला घेऊन केनवडला आला. साहेबाचे पूर्ण नाव मला माहीत नाही. वय चाळीसच्या आत, चष्मा, पांढरी मोटार. हे लोक जुन्या विलायती व्हिस्कीच्या बाटल्या शोधत गावोगाव फिरतात असे मला नंतर कळले. दुकानात नव्या बाटल्यांचे भाव चढले आणि काही माल यायचा बंद झाला, त्यामुळे निवृत्त अधिकारी, फौजी, डॉक्टर यांच्या कपाटात राहून गेलेल्या बाटल्यांना मोठी मागणी आहे.

ते आधी आमच्या गावातील निवृत्त फौजी माणिकराव यांच्याकडे गेले. माणिकरावांनी त्यांना कॅन्टीनच्या दोन बाटल्या दिल्या आणि सांगितले की पोस्टातल्या इंद्रभानकडे बगळ्याची बाटली आहे. १९९६ च्या त्या पार्टीला माणिकराव सुट्टीवर आलेले होते. मी डबा घेऊन निघालो तो त्यांनी पाहिला होता. बाटली रिकामी होती हे पाहण्याच्या अवस्थेत ते नव्हते.

माझ्या घरी आल्यावर बेबीताईने आधी सांगितले की आमच्या घरात असली वस्तू नसते. मग साहेबाने मोबाईलवर चित्र दाखवले. तशीच बाटली तिने दिवाळीच्या सफाईत पेटीत पाहिली होती. कुलपाची किल्ली देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांच्या फोटोमागे असते. तिने बाटली काढून दिली. साहेबाने ती उन्हाकडे धरून पाहिली, लाख बोटाने चाचपली, ठशाचा फोटो काढला आणि मोडलेली नाही असे म्हणून अठरा हजार रुपये दिले. ती रक्कम तशीच आहे, सोबत आणली आहे, जमा करून घ्यावी.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा बेबीताईने पिंकीला बाहेर पाठवले आणि पैसे माझ्यापुढे ठेवले. तिचे शब्द असे : "मामाजी, मी कोनाले सांगत नाही. तुमची इज्जत ते माही इज्जत. पन आता या वयात तरी पिऊ नका."

मी म्हणालो, नाही पीत.

एवढेच म्हणालो. दारू नव्हती असे सांगितले असते तर काय होते हे सांगावे लागले असते, आणि ते पेटीत का होते हे सांगावे लागले असते. उशीर इथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी माणिकराव पारावर भेटले. ते म्हणाले, "काहून रे इंद्रभान, येवढी वर्सं उपासक बनून फिरला अन् पेटीत बगळा पाळला?" लोक हसले. मीही हसलो. मग मी त्यांना विचारले की हे लोक बाटलीचे काय करतात. ते म्हणाले की पीत नाहीत, काचेच्या कपाटात ठेवतात, भाव वाढला की विकतात, घेणाराही ठेवतो. हे ऐकून मला बरे वाटले. जितका भाव चढेल तितकी ती कोणी उघडणार नाही असे मी धरून चाललो. रोज सकाळी माणिकरावांकडे जाऊन बगळ्याचा भाव विचारत होतो. ते मुबश्शिरला फोन करून सांगत. शुक्रवारी साठ हजार सांगितले. माणिकराव म्हणाले, तुला लुटले. मला त्या दिवशी जेवण गेले.

तरी शनिवारी दि. ८ रोजी मला राहवले नाही. माणिकरावांकडून नंबर घेऊन सुनेच्या फोनवरून मी साहेबाला फोन लावला. बेबीताई चुलीपाशी होती, दार उघडे होते. मी म्हणालो की बाटली परत द्या, पैसे परत देतो, उघडू नका, आत दारू नाही. साहेब हसला. म्हणाला, "बाबा, भाव कळला वाटतं तुम्हाला. विकल्यावर प्रत्येकाला काहीतरी आठवतं. मागच्या महिन्यात एकजण म्हणाला बाटली नवसाची आहे." मी पुन्हा म्हणालो की आत दारू नाही. त्याने विचारले, "मग काय आहे?"

बेबीताईने भाकरी थापणे थांबवले होते.

मी पुन्हा एवढेच म्हणालो की बाटली परत द्या. साहेब म्हणाला की आणखी पाच हजार पाठवतो, पुन्हा फोन करू नका. त्यानंतर त्या नंबरवर फोन लागत नाही.

काल दि. १२ रोजी माणिकरावांनी सांगितले की भाव एक लाख चाळीस हजारावर गेला आणि आता एकट्याच्या ऐपतीत राहिला नाही, म्हणून बारा जणांनी मिळून घेतली. मी विचारले, बारा जण एका कपाटात कशी ठेवतील. त्यांना ते माहीत नव्हते. मी दुपारच्या एसटीने रिसोडला मुबश्शिरच्या दुकानात गेलो.

मुबश्शिरने सांगितले की भाव फार गेला की हे लोक असेच करतात. वर्गणी काढतात, रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात, बाटली उघडतात आणि खोकल्याच्या औषधाएवढ्या छोट्या बाटल्यांत प्रत्येकाचा वाटा भरतात. पाच-सहा जण तिथेच चाखतात. बाकीच्यांचा वाटा कुरियरने जातो, नागपूर, मुंबई, बंगलोर असा. तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. पौर्णिमेचे सोडून सगळे सांगितले.

त्याने लगेच विश्वास ठेवला. त्याने माझ्यासमोर साहेबाला तीन निरोप पाठवले. साहेबाने ते वाचले आणि हसण्याचे चित्र पाठवले. मुबश्शिर खुर्चीवर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. म्हणाला, "चाचा, हे तुमी आठ दिवसाआधी काहून नाही बोलले? तवा साहब वाशिमातच लॉजवर होता. मी सोता जाऊन हातातून काढून आनली असती."

आज त्यानेच मला मोटारसायकलवर इथे आणले. साहेबाचा नंबर, मोटारीचा फोटो आणि निरोप त्याच्या मोबाईलमध्ये आहेत, ते घ्यावेत. त्याचा यात दोष नाही. बेबीताईचाही नाही. तिने घरातून वाईट वस्तू काढून टाकली असे तिला वाटले, आणि ते खरेच होते.

मी सातवी नापास माणूस आहे, मला कायद्यातले कळत नाही. घरात बाटली ठेवल्याबद्दल, लाखेच्या कांडीबद्दल, उशिराबद्दल जे काही लागेल ते माझ्यावर लावावे. पण आधी रविवार थांबवावा. आज ती एक बाटली आहे. एक बाटली शोधता येते. रविवारी तिचे बारा वाटे होतील, आणि अर्ध्यांची पार्सले. मी पार्सले बांधण्यात छत्तीस वर्षे घालवली. एकदा पिशवीत पडले की कोणते कुठे गेले ते पॅकरला सांगता येत नाही, आणि घेणारा ते त्याच दिवशी उघडतो की सहा महिन्यांनी, हेही सांगता येत नाही.

बटण कोणाचे असे विचारल्यावरून सांगतो की, शाळेच्या पांढऱ्या शर्टाचे आहे. कोणाच्या शर्टाचे ते जबाब घेणाऱ्या साहेबांना कळले असेल. बाटली मिळाल्यावर औषधाची योग्य ती विल्हेवाट लावावी. लाख मात्र, नियमात बसत असेल तर, मला द्यावी.

बेबीताई सकाळपासून माझ्या मागे एसटीने येऊन बाहेर बाकावर बसली आहे. मी दारूच्या केसमध्ये सापडलो असे तिला वाटते. तिने स्वतःच्या हाताने बाटली दिली असल्याने तिलाही आत बोलवावे लागेल असे मला सांगण्यात आले. मी आधी नको म्हणालो. नंतर बोलवा म्हणालो.

वरील मजकूर मी बोललो तसा संगणकावर घेतला असून तो मला मोठ्याने वाचून ऐकवला. त्यात कमी-जास्त नाही. वाचताना माझी सून बेबीताई धम्मरत्न खिल्लारे, वय ३४, ही हजर होती. मुलीच्या नावाच्या ठिकाणी तिने थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. ते पुन्हा वाचले. तिने मला पाणी दिले.

सही करण्याआधी एवढेच जोडतो. पुण्याला फोन गेला का, साहेब सापडला का, बाटली आहे तशी आहे का, जे असेल ते कळवावे. नंबर सुनेचा आहे. आता तो तिने उचलला तरी चालेल. मी केनवडला न जाता इथेच बाकावर थांबतो. उद्या कळवू म्हणू नये. लवकर निरोप द्यावा.

सही
इंद्रभान तु. खिल्लारे