रविवारचे मासे

तळ्यावरून परतणारा शिंपी गळाची काठी सांभाळत बसमध्ये बसला होता. पुढच्या बाकावर दोन अनोळखी बहिणी बोलत होत्या.

“ताई, तळ्यातल्या माशाच्या पोटात बर्फ असतो का गं?”

“भलतंच काय!”

“आमचे हे दर रविवारी तळ्यातून मासे पकडून आणतात, त्यांच्यात असतो.”

“अगं, मग ते बाजारातले!”

शिंप्याने आपली पिशवी हळूच बाकाखाली सरकवली.

“दिवसभर जातात तरी कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय,” ताई म्हणाली.

“म्हणून मागच्या रविवारी मी गुपचूप मागे गेले.”

“कोण होती?”

“कुणी नाही. काठावर एकटेच बसलेले. गळसुद्धा टाकला नव्हता.”

“मग सुटलीस की!”

“कसली सुटले? बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता काय तळ्याशी भांडू?”