नरसम्माची शेळी

खताचा विषय निघालाय म्हणून सांगते. मागं एकदा दुष्काळ पडला, तेव्हा आमच्या ह्यांनी परसात पडक्या विटा रचून खतासाठी हौद बांधला, वर फळी ठेवली. मी रोज त्यात भाजीची देठं, बटाट्याच्या साली टाकायची आणि सकाळी बघावं तर हौद रिकामा. "घूस असणार," हे म्हणाले. म्हणून एका पहाटे आम्ही दोघं दारामागं बसलो.

घूस कसली, शेजारची नरसम्मा होती! तिच्या नवऱ्याचा कापड विणायचा माग बंद पडलेला. पदरात साली घेऊन निघाली होती, आम्ही बाहेर येताच थबकली.

"शेळीला नेऊलाले की, वैनी."

"पण शेळी तर तुम्ही दिवाळीतच विकली ना?" हे पटकन बोलून गेले.

तिनं पदर तिथंच रिकामा केला आणि मान खाली घालून गेली. त्या साली तिच्या चुलीवर शिजत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी साली मुद्दाम जाड काढू लागले. ती आलीच नाही. शेवटी मीच भाकरी-पिठलं घेऊन तिच्या दारात गेले.

"आमची जेवणं झाली की, वैनी," ती म्हणाली.

मागं उभी असलेली तिची धाकटी पोर भाकरीवरची नजर काढत नव्हती. नरसम्मानं तिला आत ओढलं आणि हळूच कडी लावून घेतली.