काइलीतली मोकळी जागा

बसा, बसा मंडळी! मागं तंबाखू मळून झाली असेल तर एक प्रश्न विचारतो. खोटं बोलणं पाप — मान्य? माना हलल्या. बरं! मग खरं अर्धंच बोलणं — हे काय? पुण्य? आता का हो माना हलत नाहीत?

अर्धे सांगितले, अर्धे गिळियेले ।
देवाने मोजिले, दोन्ही अर्धे ॥

हे चरण माझेच हं! ओढूनताणून जुळवलेले. उगाच एखाद्या संताच्या नावावर खपवू नका. आजकाल कुणाच्याही नावावर काहीही खपतं! सिनेमाचंच घ्या. जो येणार म्हणून डांगोरा, तो — 'सत्यघटनेवर आधारित'! अमका पैलवान, तमका फौजदार, सगळे खरे! अहो, भिंतीला टेकून बसलेला माणूस काय भिंत होतो? पण बोलायचं कुणी? तर ऐका.

वारणेकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथली चार माणसं पुढंच बसलीत. त्या गावात दोन जावा. थोरली राजाक्का, धाकटी बायनाबाई. घरं शेजारी, परस एक. दोघी तरण्या होत्या तेव्हा महापूर आला. पलीकडच्या वस्तीवर बायकापोरं अडकली! गावात होडी नाही, पुरुषमाणसं जनावरं घेऊन माळावर गेलेली. मग? ह्या दोघींनी गुऱ्हाळाची काईल काढली! काईल म्हणजे — शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो — उसाचा रस कढवायची भली थोरली लोखंडी कढई. ती पाण्यात लोटली, हातात फळ्या घेतल्या, समोरासमोर बसल्या, आणि फेऱ्यांवर फेऱ्या मारून सगळी वस्ती अलीकडं आणली!

झालं. वर्षं गेली, केस पिकले. आणि एक दिवस गावात गाडी आली. गाडीतून उतरले विराजसाहेब, सिनेमा काढणारे. राजाक्का थोरली, म्हणून आधी तिच्या ओट्यावर बसले. "आज्जी, सांगा." राजाक्का सांगायला लागली, "मी आन् माझी जाऊ —" साहेब म्हणाले, "जाऊबाईंचं नंतर बघू. आधी तुमचं सांगा."

नंतर! मंडळी, हे 'नंतर' कधी आलंय का कुणाकडं? राजाक्कानं आपलं सांगितलं. साहेबांचे डोळे मोठे झाले, माणसं 'वा वा' म्हणाली, अंगावर शाल पडली. तिला बरं वाटलं. वाटणारच! जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई, तिला कुणी पहिल्यांदा 'ग्रेट' म्हणालं. जावेचं नाव जिभेवर आलं होतं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

पुढं साहेबांनी देवळात गावाला गोष्ट वाचून दाखवली. आणि गोष्टीत काय? राजाक्का एकटीच काईल काढते! बरं, मग जाऊ कुठाय? जाऊ गुऱ्हाळाला कुलूप घालून दारात आडवी! 'माझी काईल देणार नाही!' म्हणते! का? तर साहेब म्हणाले, "सिनेमाला खलनायिका लागते हो, आज्जी."

लागते! भाजीला मीठ लागतं तसं!

बायनाबाई तिथंच खांबाला टेकून बसली होती. ती उठली, पदर झटकला, राजाक्काकडं एकदा बघितलं आणि निघून गेली. एक अक्षर बोलली नाही. मंडळी, बोलली असती तर परवडलं असतं!

त्या दिवसापासून अबोला. परसातलं दार बंद. राजाक्काच्या घरचं विरजण नेहमी बायनाकडून यायचं. तिच्या दह्यासारखं दही आळीत कुणाचं लागत नसे. तेही बंद! राजाक्कानं दुकानातलं दही आणून घातलं. दूध नुसतं आंबलं. नवऱ्यावर चिडली, सुनेवर चिडली, मांजरावर चिडली. रोज त्या बंद दारापर्यंत जायची, आणि काय बोलावं ते न सुचून परत यायची. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि जावेशी बोलल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरेना. शाल मात्र दोरीवर वाळत होती!

शूटिंगचा दिवस उजाडला. नटी काइलीत बसली. पोरगी गुणाची हो, तिचा काय दोष? लुगड्याच्या आत फुगवलेलं जाकीट, हातात फळी. साहेब ओरडले, "ॲक्शन!" पोरीनं फळी मारली — आणि काईल फिरली. जागच्या जागी! अहो, काईल गोल. तिला ना पुढं, ना मागं. एकाच अंगानं वल्हवलं की गरगर, गरगर! पोरीला भोवळ यायची वेळ आली. काठावर गाव हसतंय, साहेब डोकं धरून बसलेत.

"आज्जी, तुम्ही एकटीनं कशी नेली होती?"

राजाक्का वैतागली. "आरं बाबा, एकटीनं न्हाईच जात ती! समोर जाऊ हुती माझी. पयल्या दिवशी सांगत हुते न्हवं?"

"हो, पण आता स्क्रिप्ट झालंय," साहेब म्हणाले. आणि काय केलं? काइलीच्या कडीला पाण्याखालून दोर बांधला! पलीकडून दहा माणसं ओढणार, आणि पोरगी नुसती फळी हलवणार. घ्या! सत्यघटनेला दोर बांधून ओढायची पाळी आली!

दोर ओढला. काईल निघाली. टाळ्या! आणि ऐन मध्यावर दोर सुटला.

काईल धारेला लागली. पोरगी किंचाळली. "बोट आणा, बोट!" अहो, बोट कुठून आणणार? चित्रात दिसायला नको म्हणून साहेबांनीच ती वळणापलीकडं धाडलेली!

काठावर दुसरी काईल होती, जावांच्याच गुऱ्हाळाची, साहेबांनी अडीनडीला मागवलेली. राजाक्कानं मागचापुढचा विचार केला नाही. काईल लोटली, आत बसली, फळी मारली — आणि तीही फिरली! गरगर! सगळ्या गावासमोर! जिनं एकटीनं वस्ती वाचवली म्हणून शाल घेतली, ती गुडघाभर पाण्यात भोवऱ्यासारखी फिरतेय!

तिनं काठाकडं बघितलं. बायना हाताची घडी घालून उभी.

"बायने! बस की समोर!"

"का गं आक्का? एकटीनंच काढली हुतीस न्हवं?"

पोरगी तिकडं वाहत चालली होती. कॅमेरा चालू. आता काय करावं राजाक्कानं? मान ठेवावा का पोर वाचवावी?

"न्हाई काढली!" राजाक्का ओरडली. कंठ फुटून ओरडली. "तू समोर हुतीस म्हणून निघाली! मी गिळलं तुझं नाव! माझं चुकलं, बायने. आता बस!"

बायनानं पदर खोचला. बसली समोर. "ओढ!" थोरली म्हणाली. "सोड!" धाकटी म्हणाली. ओढ — सोड! ओढ — सोड! अहो, हाका दिल्याशिवाय काईल सरळ जातच नाही. अबोला धरून वल्हवून दाखवा बरं! दोन म्हाताऱ्या धारेत गेल्या, पोरीची काईल कडीला धरून ओढत काठाला आणली. पोरगी दोघींच्या गळ्यात पडून रडली.

आणि साहेब? धावत आले. डोळ्यांत पाणी! म्हणाले, "आज्जी, अप्रतिम! फक्त एकदा परत कराल? ह्या दुसऱ्या आज्जी जरा खाली वाकून बसल्या, तर दिसणार नाहीत!"

कपाळ माझं! आता ह्याला काय म्हणावं?

दोघींनी आपली काईल पाण्याबाहेर ओढली आणि गुऱ्हाळाची वाट धरली. त्या संध्याकाळी परसातलं दार वाजलं. बायना वाटीत विरजण घेऊन उभी. म्हणाली, "दूध कोमट कर. नुसतं तापवून ठेवतीस, म्हणून लागत न्हाई."

सिनेमा सुधारला असं वाटतंय तुम्हाला? छे! येतोय आता. पोस्टर चौकात लागलंय. काइलीत एकच बाई, वाऱ्यावर केस, खाली ठसठशीत — 'सत्यघटनेवर आधारित'. पण राजाक्का रोज चौकात जाते. पोस्टरपुढं कुणी उभा दिसला की त्याचं मनगट धरते आणि चित्रावर बोट ठेवते. "ही समोर मोकळी जागा दिसतीया न्हवं? हितं माझी जाऊ बसलीया. बायनाबाई नाव तिचं."

हसलात? हसा! त्या साहेबाला हसलात. आणि तुम्ही? 'घर मी उभं केलं', 'पोरं मी शिकवली', 'देऊळ मी बांधलं' — पंगतीत सांगता की नाही? रंगवून सांगता! तुमची काईल सरळ चालली ना इतकी वर्षं? मग समोर कुणीतरी बसलं होतंच! बायको असेल, भाऊ असेल, तो भाऊ — ज्याच्याशी बांधावरून बोलत नाही तुम्ही.

टाळ्या नकोत. आरतीही थांबू दे जरा. आज बायकांच्या बाजूला, मागच्या रांगेत, पायरीवर — जो तुमच्या काइलीत समोर बसला होता, तो इथंच असेल. उठा. सगळ्यांच्या देखत त्याचं नाव घ्या. मग मी निरांजन लावतो. तोवर माझी काडी पेटायची नाही!