अण्णांची मीटिंग

मी आजबी कुणाला 'अर्ज द्या' म्हणत न्हाई. कशापायी, ते ऐका.

दुष्काळात मी साखर कारखान्याचा सांडपाण्याचा प्लांट सांभाळायचो. शेजारचे अण्णा रोज यायचे. "साहेब, साफ केलेलं पाणी माझ्या शेततळ्यात सोडा की. ऊस वाळायलाय."

"अर्ज द्या अण्णा, मीटिंगीत ठेवतो."

तीन अर्ज झाले, मीटिंग काय झाली न्हाई.

मग एक दिवस अवकाळी असा कोसळला, की साफ पाण्याची टाकी काठोकाठ भरली. ती रिकामी केली न्हाई, तर मागचं घाण पाणी तुंबून गावच्या ओढ्यात जाणार! पळतच अण्णांकडं गेलो.

"अण्णा, लई अडचण झालीय. तुमच्या तळ्यात पाणी सोडू द्या!"

अण्णा लगेच उठले. भिजत, हसत पाइप तळ्याकडं ओढायला लागले अन् म्हणाले, "अर्ज द्या साहेब, मीटिंगीत ठेवतो."