साठ याद्या आणि एक कडी

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या वयस्क जोडप्याचं बोलणं पडत होतं.

"इंटरनेटवरच्या साठ याद्यांमध्ये दुकानाची वेबसाइट नोंदवलीत हो तुम्ही. 'जुनी घड्याळं दुरुस्त करून मिळतील', एका बोटाने टाइप करत."

"सर्च इंजिनलाही तीनदा कळवलं. सहा महिन्यांत एक फोन नाही. मी तर दुकान आवरायला काढलं होतं."

"आणि कडी आतूनच लावलेली."

"साइट अर्धवट होती तेव्हा जावईबापूंनी 'शोधात दाखवू नका'वर खूण केली होती, ती काढायचीच राहिली. गेल्या आठवड्यात काढली."

"बोललात का त्यांना काही?"

"छे, जेवायला बोलावलंय. अगं, मला वाटत होतं, लोकांना आपण नकोसे झालो. त्यांनी आपल्याला पाहिलंच नव्हतं."

"आता दिसते ना पण?"

"माझ्या मोबाईलवर दिसते. पण तो आपला घरचाच, त्याचं काय घेऊन बसलीस."

शिक्षिकेने गाल सोडला, मोबाईलवर शोधलं आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

"हेच का तुमचं दुकान? पहिलंच आलंय. आईचं भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बंद आहे. उद्या आणू?"

"आणा की. पत्ता सांगते, लिहून घ्या."

"अगं, लिहायचं कशाला? पत्ता आहे त्यात."