जिन्याच्या कठड्याबाबत

विषय — इमारतीच्या जिन्याला, उतरताना उजव्या हाताला, लोखंडी कठडा बसवण्याबाबत. संदर्भ — तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी बाईंचा लेखी अर्ज. झालं, मिस्त्री, आता विषय रीतसर तुमच्या कानावर घातला, तेव्हा ती टेप आधी गुंडाळा. छे, रागावत नाहीये. वेल्डिंग करणाऱ्या माणसावर कोण रागावेल? पण तुम्हाला बोलावलं कोणी? फोन आला — बरं — बाईंचा आवाज — बरं — 'परवानगीचं मी बघते, तुम्ही मापं घ्या' — हुबेहूब! आमचीच ही. म्हणजे अर्जदार माझी बायको, आणि कमिटीचा सचिव मी. का मी? निवृत्त कारकून दिसला की लोकांना कागद सुचतात, दुसरं काय.

आधी ती तोंडीच म्हणाली होती. भाजी चिरता चिरता म्हणाली, जिन्यात धरायला काहीतरी लावून घ्या, दोन्हीकडे नुसत्या भिंती, पाय बरा झाला तरी उतरायचं कसं? मी म्हटलं, लेखी द्या. घरात अगं-तूगं, पण अर्जदाराला अहो-जाहो, ते मी पाळतो. दिलंन लेखी. कमिटीत आम्ही तिघं — तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी आणि मी. त्या दोघांनी उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. डॉक्टरांनी तर वाचलंही नाही, म्हणाले, वहिनींचं ना, मग झालं. याला काय कामकाज म्हणायचं? मग मला खाली शेरा लिहावा लागला — 'सदर कठडा ही दुधारी तलवार असल्याने साकल्याने विचार व्हावा.' स्वतःच्या घरचा अर्ज, मिस्त्री. झटकन मंजूर केला तर लोक काय म्हणतील? काहीच नाही म्हणणार, हे खरंय, पण म्हणाले असते तर?

दुधारी तलवार हा शब्द तुम्ही वापरता का? वापरत चला. आमच्या कार्यालयात मी यावर अख्खी नोकरी काढली. कागदपत्रांच्या खोलीत पंखा हवा, असा प्रस्ताव आला — वारा येईल, पण कागद उडतील. दुधारी तलवार. अभ्यागतांसाठी बाक — लोकांना बसता येईल, पण मग लोक बसतील. दुधारी तलवार! साहेब चष्मा काढून मान हलवायचे, म्हणायचे, विचार केलेला दिसतो तुम्ही. केलेला नसायचा. पण या वाक्याला 'नाही' म्हणणारा साहेब मला भेटला नाही. म्हणणार कसा? जगातली कुठलीही वस्तू घ्या. तुमचं वेल्डिंगचं मशीनच घ्या, लोखंड जोडतं आणि डोळे जाळतं. बघा, हलवलीत ना मान?

ही मात्र हलवत नाही. माझा शेरा वाचला, चष्मा खाली ओढला आणि मला म्हणते कशी — 'तलवारीला दोन धारा आहेत हे कळलं. आता कुठली धार कोणाला लागते तेवढं सांगा. फायदा कोणाचा, तोटा कोणाचा?' आता हे कार्यालयात कधी कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, फायदा तुमचा. तोटा? तोटा सगळ्यांचा — जिना अरुंद होणार, उद्या कोणाचं कपाट वर न्यायचं झालं तर? तिनं घड्याळजींना कामाला लावलं, त्यांनी आमच्या कपाटाचं माप घेतलं, जिन्याचं घेतलं, आणि बसतं म्हणाले, वर हातभर जागा उरते म्हणाले. या माणसाला दुसरा उद्योग नाही. मग म्हटलं, पोरं कठड्यावरून घसरगुंडी करतील. ती म्हणाली, कोणाची? आमच्या इमारतीत, मिस्त्री, सगळ्यात लहान रहिवासी म्हणजे डॉक्टर, आणि त्यांचेही केस गेलेत. मग म्हटलं, लोखंड गंजतं. ती म्हणाली, रंग देऊ. मग मी म्हटलं, इतर कारणे. ती म्हणाली, कुठली इतर? म्हटलं, विचाराधीन आहेत.

आता तुम्हीच सांगा — नाही, तुम्ही कसं सांगणार, मीच सांगतो. त्या कोपऱ्यावर शिवणाचं दुकान दिसतं का, निळं दार? ते हिचं आणि हिच्या मैत्रिणीचं. मी नोकरीत होतो तेव्हा ही दिवसभर घरात आणि मी बाहेर. मी निवृत्त झालो आणि हिनं दुकान थाटलं! म्हणजे मी आत आणि ही बाहेर. सकाळी डबा घेऊन जायची ती दिवेलागणीला यायची, आणि आली की गिऱ्हाइकांच्या गोष्टी, कोणाची बाही कुठे तोकडी झाली. मी काय सांगणार? मी दिवसभर पंख्याखाली बसलेला, आणि एकही कागद उडालेला नसायचा. मग ही जिन्यात पडली, हे याच वळणावर. वाईटच झालं. पाय मोडला, फार हाल झाले तिचे, माझी तर झोपच उडाली. वाईट ते वाईटच. पण बघा ना, त्या दिवसापासून दुपारचा चहा दोन कप टाकतो मी. सुईत दोरा मी ओवून देतो. पत्ते खेळतो आम्ही — लबाडी करते, सरळ सरळ करते, पान पदराखाली घालते आणि माझ्याकडे बघून हसते. इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं ही लबाडी करते म्हणून. कधी कळणार? वेळ कुठे होता?

तसं नाही हो. पाय बरा व्हावा असंच मला वाटत होतं. झालाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, धरायला आधार असेल तर खुशाल उतरू द्या. मैत्रीण रोज रस्त्यातून हाक मारते, 'अगं, येतेस का?' आणि ही खिडकीतून ओरडते, 'अर्ज दिलाय!' सगळी आळी हसते. हसणं ठीक आहे, पण काल मैत्रीण म्हणाली, आता थांबता येत नाही, तुझ्या मशीनवर दुसरी बाई बसवते. त्यावर हिनं खिडकी लावून घेतली. रात्री पत्ते मीच काढले, तर म्हणाली, आज नको.

हात धरून नेईनच की मी तिला. नेतो म्हटलं होतं. तर म्हणाली, तुमचा हात धरून गेले तर तुमच्या सवडीनं जाईन. म्हणाली, मला लोखंड हवंय. असं बोलतं का कोणी? — तुम्ही ऐकताय ना? मग असे वर काय बघता? वळणाकडे काय आहे? तिथे तर — अगं! अगं, तू उतरलीस कशी? बसत बसत? एकेका पायरीवर? तीन मजले अशी — लागलं नाही ना कुठे? बघू. बरं, नाही येत जवळ, इथेच उभा राहतो. कधीपासून बसली आहेस तिथे?

कपाटाच्या गोष्टीपासून म्हणतेस.

मिस्त्री, तुम्ही निघा आता. नाही, माप नको. नंतर या.

काय म्हणालीस? अर्जाचं?

दोन सह्या झाल्या आहेत. तिसरी व्हायची आहे. अर्ज प्रलंबित आहे.