पाहुण्याविरुद्ध वर गेलेले हात

मंडळी, महाडहून, पोलादपूरहून एवढे सगळे सुलभाबाईंच्या शोकसभेला आलात. बाईंना बरं वाटलं असतं. हॉटेलच्या गल्ल्यावर मी दिवसभर बोलतो, आज जीभ उचलत नाही. दुःख आहेच. पण त्याहून लाज जास्त आहे.

सुलभाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेलं नाटक तुमच्यातल्या बहुतेकांनी गेल्या हिवाळ्यात महाडला पाहिलं. परग्रहावरचा एक जीव आपल्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाशी येऊन पडतो. एक म्हातारी त्याला घरी आणते, दारी आल्या पाहुण्याला देतात तसं गूळ-पाणी देते. मग कळतं, त्याच्या लोकांचं पृथ्वीशी युद्ध जुंपलंय. गावकी बसते. त्याला सरकारच्या हवाली करायचं का?

तालमीत मी बाईंना म्हटलं होतं, "त्याला सरकारच्या हवाली करू द्या म्हातारीला. माणसाने माणसाच्या बाजूने राहावं. तो आपला कोण?"

बाई हसल्या. "शेठ, चवदार तळ्याच्या गावात बसून विचारताय, आपला कोण?"

बाईंचे आजोबा त्या तळ्याच्या पाण्यासाठी चालत गेले होते, हे मला ठाऊक होतं. अडवणाऱ्यांत आमच्याकडचे होते, हेही ठाऊक होतं.

महाडच्या प्रयोगात बाईंनी शेवट आपल्यावर, प्रेक्षकांवर सोडला. म्हातारीचं काम त्याच करत होत्या. पुढे येऊन म्हणाल्या, द्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मी पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुणा. तेव्हा मला तळं आठवलं नाही का? आठवलं. तरी हात वर गेला. कपबशा विसळण्यापासून धंदा शिकलो, गिऱ्हाईक कुठे वळणार ते माझ्या कानांना आधी कळतं. मागची कुजबुज ऐकली आणि तिच्याबरोबर गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "दे गो म्हातारे, तो आपला नाय." हशा पिकला. मंडळी, आपण सगळेच हसलो, एकही हात खाली राहिला नाही.

बाईंनी पाहुण्याचा हात धरला. "मग मलाही त्याच्यातच धरा," म्हणाल्या, आणि त्याला घेऊन आपल्यामधून चालत बाहेर पडल्या. दुसऱ्या हातात गूळ-पाण्याचा तांब्या होता. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यावरचं फुलपात्र खडखडत होतं. टाळ्यांत तुम्हाला ऐकू आलं नसेल. मला आलं. तो अभिनय नव्हता.

पुढे एकदा बाई माझ्या हॉटेलवर चहाला आल्या. मी सारवासारव केली. म्हटलं, बाई, हिरवा झगा घातलेला आपला बँकेतला कारकून तो. खरा पाहुणा थोडाच होता?

"म्हणून तर वाईट वाटलं, शेठ. खोट्यालासुद्धा कुणी ठेवून घेतलं नाही."

मग म्हणाल्या, पोलादपूरच्या प्रयोगात पुन्हा विचारीन. एक हात खाली राहिला तरी पुरे.

तो प्रयोग व्हायचाच राहिला. बाई गेल्या.

माणसाशी इमान राखावं, हे मला अजून पटतं. पण ज्याला आपल्या हाताने पाणी दिलं, त्यालाच हवाली करून राखलेलं इमान कसलं? हे त्यांना सांगायला मी पुन्हा गेलो नाही. वेळ होता. तोंड नव्हतं.

आता उभे राहू या. बाईंसाठी थोडा वेळ गप्प राहू या. डोळे मिटा, न मिटा, तुमची मर्जी.

फक्त हात खाली ठेवा. मीही ठेवतो.